नवा एसडीआर बोर्ड, लॅबचा राउटर आणि समोरचा टॉवर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यात, जळगाव जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. इलेक्ट्रॉनिक्स विभागाची कम्युनिकेशन लॅब माझ्याकडे असते. महाविद्यालयाची आणि माणसांची ओळख मुद्दाम गाळली आहे.

शेवटच्या वर्षाच्या चौघा मुलांनी केळीच्या बागेत जमिनीचा ओलावा मोजणारे तीन नोड बसवले होते. प्रत्येक नोड दर दहा मिनिटांनी लोरा या कमी शक्तीत लांब पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीनं ८६५.०६२५ मेगाहर्ट्झवर एक छोटा संदेश पाठवायचा. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे, म्हणून तोच घेतला. हे संदेश ऐकणारा गेटवे महाविद्यालयाच्या गच्चीवर होता आणि बाग तिथून दोनेक किलोमीटरवर. हिशेबानं दिवसाला एका नोडचे १४४ संदेश यायला हवेत. येत होते नव्वद, कधी शंभर.

उरलेले कुठे जातात? नोड पाठवतच नाही, वाटेत केळीची पानं गिळतात, की गेटवेला ऐकू येत नाही? हे ठरवायचं तर हवेतली लहर डोळ्यांनी दिसायला हवी. हे दाखवणारं यंत्र, आमचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, दोन वर्षं दुरुस्तीच्या यादीत पडून आहे. म्हणून एसडीआर बोर्ड मागवायचं ठरलं. साध्या रेडिओत ठरावीक लहर निवडणं, गाळणं, उलगडणं ही कामं सर्किट करतं. एसडीआरमध्ये बोर्ड फक्त लहरींचे आकडे करून संगणकाला देतो आणि पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं.

आम्ही अ‍ॅडल्म-प्लुटो घेतला. त्यात एडी९३६३ ही चिप आहे, १२ बिटांचं मोजमाप, ३२५ ते ३८०० मेगाहर्ट्झची पोच, आणि तो ऐकतोही, पाठवतोही. खरं सांगायचं तर एवढ्या कामाला फक्त ऐकणारा एखादा स्वस्त आरटीएल डोंगल पुरला असता. पण पुढच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकांना पाठवणारा बोर्ड हवा, हे मी विभागप्रमुखांना पटवून बसलो होतो. त्यामुळे तो चालला नाही तर उत्तर मलाच द्यावं लागणार होतं. विक्रेत्याची परतीची मुदत दहा दिवसांची. एप्रिल सुरू होता आणि मुलांची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती.

अडचण

पहिल्या दिवशी बोर्ड जोडला, दिवे लागले, एक दिवा लुकलुकू लागला. संगणकावर मात्र काहीच आलं नाही. प्लुटो जोडला की पेन ड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह दिसते, ती दिसेना. ग्नू रेडिओ हे एसडीआरचं सॉफ्टवेअर म्हणे, उपकरण सापडत नाही.

प्लुटो यूएसबीवरच एक छोटं नेटवर्क उभं करतो आणि स्वतःला १९२.१६८.२.१ हा पत्ता घेतो, हे माहीत होतं. मी त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे संगणकावरून "आहेस का?" अशी हाक मारली. लगेच उत्तर आलं, एका मिलिसेकंदाच्या आत. मी मुलांना सांगून टाकलं, "बोर्ड जिवंत आहे, ड्रायव्हरचा घोळ आहे."

या एका वाक्यानं आमचे दोन दिवस घेतले. मुलांनी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला बोर्डाशी बोलायला लावणारी सॉफ्टवेअरं, काढले, पुन्हा घातले. सॉफ्टवेअर लायब्ररीची जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. विंडोज सोडून लिनक्स. दर वेळी पिंगला उत्तर आणि बाकी शून्य.

तिसऱ्या दिवशी सकाळी गटातली एक मुलगी बोर्ड दुसऱ्या संगणकाला लावायला म्हणून काढून घेऊन चालली होती. पिंगची खिडकी आधीच्या संगणकावर उघडीच होती. ती मध्येच थांबली. "सर, बोर्ड माझ्या हातात आहे. तरी उत्तर येतंय."

उत्तर देत होता लॅबचा वाय-फाय राउटर. त्याचाही पत्ता १९२.१६८.२.१. कुणीतरी कधीतरी तसा लावून ठेवलेला. दोन दिवस आम्ही राउटरची तब्येत विचारत होतो आणि तो नेमानं सांगत होता की मी बरा आहे.

मग बोर्ड का दिसत नव्हता? प्लुटोवर मायक्रो यूएसबीची दोन भोकं आहेत. एक माहितीसाठी, दुसरं फक्त विजेसाठी. आमची केबल विजेच्या भोकात होती. बोर्डाला पुरेशी वीज मिळते, तो सुरू होतो, दिवे लावतो, पण संगणकाशी बोलायला त्याच्याकडे तारच नसते. भोकाशेजारी तसं छापलेलंही आहे, बारीक अक्षरात.

केबल दुसऱ्या भोकात घातली आणि ड्राइव्ह दिसली. पत्त्यांची टक्कर मिटवण्यासाठी त्या ड्राइव्हवरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये बोर्डाचा पत्ता १९२.१६८.३.१ केला. पहिल्यांदा तेही बसलं नाही. एका मुलानं फाइल सेव्ह करून सरळ केबल उपटली होती. प्लुटोत ड्राइव्ह रीतसर इजेक्ट केली तरच तो बदल वाचतो आणि साठवतो. दुसऱ्यांदा इजेक्ट करून दिवा थांबेपर्यंत वाट पाहिली, तेव्हा बसला.

लॅबमध्ये वीस वर्षं काढलेले आमचे नाना हे सगळं स्टुलावर बसून बघत होते. दारातून कुणी डोकावलं की काय चाललंय ते तेच सांगायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला अहिराणीत विचारलं, "सर, हाई मशीन बिघडेल शे का?" मी नाही म्हणालो. तेव्हा खात्री नव्हती.

बोर्ड दिसला, पण ऐकेना

चौथ्या दिवशी मुलांनी सगळे करतात तेच केलं. आधी एफएम रेडिओ लावून बघू, गाणं वाजलं की बोर्ड चांगला. एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर आणि बोर्डाची पोच ३२५ पासून वर. सॉफ्टवेअरनं खाली कुठेतरी चूक झाल्याची एक ओळ दाखवली आणि आलेख जुन्याच फ्रिक्वेन्सीवर चालू ठेवला. वर आकडा ९८ चा दिसतोय, खाली गवतासारखा सपाट गोंगाट. मुलांचा निष्कर्ष : बोर्ड बहिरा.

याच चिपला फर्मवेअरमधून (बोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) एडी९३६४ म्हणून ओळख दिली की ती ७० मेगाहर्ट्झपर्यंत खाली उतरते. ही युक्ती पुष्कळजण वापरतात आणि बहुधा चालतेही. एका मुलाला ती लगेच करायची होती. मी नको म्हटलं. आम्हाला ८६५ हवं होतं आणि ते मूळ पोचीतच होतं. शिवाय परत करण्याची शक्यता उघडी असताना बोर्डाचं फर्मवेअर उकरणं मला पटेना. आजही हा निर्णय बरोबर वाटतो, पण तेव्हा मुलं माझ्यावर नाराज झाली हेही खरं. गाणं ऐकू आलं असतं तर त्यांचा हुरूप वाढला असता.

मग ८६५ लावलं. बरोबर मध्यभागी एक उंच सुळका उभा. मुलं टाळ्या पिटायच्या बेतात होती. मी अँटेना काढायला लावली. सुळका जागेवर. फ्रिक्वेन्सी ८७० केली, सुळका तिथेही मध्यभागी. म्हणजे तो बाहेरून आलेला नव्हताच. अशा रचनेच्या रिसीव्हरमध्ये बोर्डाची स्वतःची लहर थोडी आत गळते आणि मध्यावर उभी राहते. बोर्ड बिघडल्याची ती खूण नाही. उपाय एवढाच की हवी ती लहर मध्यावर ठेवायची नाही. आम्ही केंद्र ३०० किलोहर्ट्झ बाजूला सरकवलं.

सुळका बाजूला गेला आणि खरी अडचण समोर आली. वॉटरफॉल म्हणजे वेळेनुसार खाली सरकणारं रंगीत चित्र. ते सारखं फिकट व्हायचं, गडद व्हायचं, पुन्हा फिकट. श्वास घेतल्यासारखं. नोड टेबलावर आणून दर पाच सेकंदांनी पाठवायला लावला, तरी लोराच्या तिरप्या रेघा काही दिसेनात. मध्येच एखादी दिसल्यासारखी वाटायची आणि फिकटपणात बुडून जायची.

समोरचे पर्याय

सहावा दिवस. संध्याकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो.

विभागप्रमुखांचं मत सरळ होतं : "परत करा. चार दिवस हातात आहेत. नंतर गळ्यात पडेल." त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. पैसा विभागाचा आणि सहा दिवसांत बोर्डानं एकही काम केलेलं नाही.

सहकारी म्हणाले, याच बनावटीचा दुसरा बोर्ड कुणाकडून तरी उसना आणून तुलना करू. कल्पना चांगली होती, पण जवळपास कुणाकडे असल्याचं कळलं नाही. पुण्याहून मागवायचा तर मुदत निघून जाणार.

मी म्हणालो, अजून दोन दिवस द्या, पण आता सॉफ्टवेअर कुणी बदलायचं नाही. तोवर आम्ही एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलत होतो : अँटेना, सॉफ्टवेअर, गेन (म्हणजे आलेली लहर किती पट वाढवायची ते). त्यामुळे काय बदलल्यानं काय झालं, हे एकालाही सांगता येत नव्हतं. मी वही काढली, पानावर दोन रकाने पाडले. डावीकडे काय बदललं, उजवीकडे काय दिसलं. एका ओळीत एकच बदल.

आठव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत बोर्ड चांगला की वाईट हे सांगेन, नाही सांगता आलं तर परत करू, असं ठरलं. ही तारीख ठरवून घेतली म्हणून दोन्ही बाजूंना झोप लागली. ती पहिल्याच दिवशी ठरवायला हवी होती.

केलेली कारवाई

सातव्या दिवशी दुपारी वीज गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे ही काही बातमी नाही. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि बोर्ड लॅपटॉपवर, त्यामुळे काम थांबलं नाही. पंखे, ट्यूब, राउटर, शेजारच्या लॅबचे संगणक सगळं बंद. मला वाटलं, गोंगाट इमारतीतला असेल तर आता चित्र निवळेल. निवळलं नाही. वॉटरफॉलचा श्वास तसाच चालू.

नाना खिडकीशी वारा घेत उभे होते. त्यांच्या पलीकडे रस्त्यापार मोबाइलचा टॉवर. टॉवर बॅटरीवर चालू राहतो.

मी केंद्र ८८० मेगाहर्ट्झवर नेलं आणि पट्टा रुंद केला. समोर भिंत उभी राहिली. ८५० पट्ट्यातल्या मोबाइल सेवेत टॉवरकडून फोनकडे येणारी बाजू ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ असते. आमचा नोड ८६५ वर. मध्ये अंतर चारच मेगाहर्ट्झ, आणि टॉवर खिडकीतून हाक मारावी इतक्या जवळ.

आता श्वासाचा उलगडा झाला. प्लुटोच्या तोंडाशी ठरावीक लहर निवडून घेणारा फिल्टर नाही. अँटेनातून येईल ते सगळं आत जातं. आमची बँडविड्थ, म्हणजे एका वेळी ऐकायच्या पट्ट्याची रुंदी, मुळातली १८ मेगाहर्ट्झ तशीच राहिली होती आणि गेन आपोआप बदलत होता. टॉवरवर वर्दळ वाढली की बोर्ड गेन खाली खेचायचा, कमी झाली की वर ढकलायचा. नोडची बारीक लहर त्या चढउतारात सापडायची. बोर्ड त्याला सांगितलेलं काम इमानदारीनं करत होता.

हे सिद्ध करायचं तर टॉवर वगळून बघायला हवं. आम्ही अँटेना पूर्ण काढली. नोडची शक्ती कमीत कमी केली, तो हातभर अंतरावर ठेवला. इतक्या जवळ नोडची लहर अँटेनाशिवायही थोडी आत शिरते, टॉवरची मात्र फारच क्षीण पोचते. आपोआप गेन बंद करून तो हातानं ठरवला, बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ केली.

पाच सेकंद झाले आणि वॉटरफॉलवर रेघा उमटल्या. खालून वर चढणाऱ्या, एकसारख्या तिरप्या, १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या, कुणी पट्टी ठेवून आखाव्यात तशा. नोड स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर, म्हणजे लोराच्या सगळ्यात संथ वेगावर होता. त्यात एक रेघ सुमारे ३३ मिलिसेकंदांची, म्हणून चित्र ताणलं की एकेक मोजता येते. नाना स्टुलावरून उठून आले. "हाई काय शे?" मुलगी म्हणाली, "नाना, बागेतलं पाणी बोलतंय." ती अर्थात टेबलावरच्या कोरड्या मातीतली नोंद होती, पण कुणी दुरुस्ती केली नाही.

वहीत ओळ पडली : अँटेना काढली, रेघा दिसल्या. आठव्या दिवसाची वाट बघावी लागली नाही.

त्यानंतर अँटेना परत लावून गेन साठ डेसिबलपासून एकेक पायरी खाली आणला. तिशीच्या आसपास अँटेनासकट रेघा टिकू लागल्या. गेन कमी केल्यावर ऐकू येणं वाढतं, हे मुलांना पटायला वेळ लागला. वर्गात मीच कायम उलटं बोलतो.

एक गोष्ट उरली होती. रेघा असायला हव्या तिथून साधारण ९ किलोहर्ट्झ खाली दिसत होत्या. तिन्ही नोड आळीपाळीनं लावून पाहिले, तिघेही जवळजवळ तेवढेच खाली. तीन नोड एकाच दिशेनं एवढे चुकणं अवघड, म्हणून संशय बोर्डाच्या क्रिस्टलवर, म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळावर. पडताळायला टॉवरच कामी आला. मोबाइल केंद्रांची फ्रिक्वेन्सी फार काटेकोर ठेवलेली असते. ९०० पट्ट्यातल्या जीएसएम (टूजी मोबाइल) वाहक लहरीपासून ६७.७ किलोहर्ट्झ वर फ्रिक्वेन्सी जुळवण्यासाठी ठराविक वेळानं एक शुद्ध सूर येतो, तो मोजला. बोर्ड दहा लाखांत सुमारे दहानं चुकत होता. त्याच कॉन्फिग फाइलमध्ये क्रिस्टलची किंमत ४,००,००,००० ऐवजी ४,००,००,४०० केली, ड्राइव्ह इजेक्ट केली, आणि रेघा जागेवर आल्या. दुपारी, लॅब तापल्यावर, त्या किलोहर्ट्झ-दीड किलोहर्ट्झ पुन्हा सरकतात. जळगावच्या उन्हाळ्यात बिनएसीच्या खोलीत याहून जास्त मागू नये.

या सगळ्यात बोर्डाच्या पाठवणाऱ्या तोंडावर आम्ही ५० ओमची टोपी लावून ठेवली होती. चुकून एखादं बटण दाबलं गेलं तर हवेत काही जायला नको.

निष्पत्ती

बोर्ड परत गेला नाही. आठव्या दिवशी मी विभागप्रमुखांना वहीचं पान दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "मग संदेश कुठे हरवत होते?"

बोर्ड नीट करण्याच्या नादात हा मूळ प्रश्न आम्ही विसरलोच होतो. उत्तर समोर पडलेलं होतं. गेटवे गच्चीच्या ज्या कठड्यावर होता, तो टॉवरच्या बाजूचा. आमचा स्वस्तातला गेटवेही फिल्टरशिवायचा. जे बोर्डाला झालं होतं तेच गेटवेला होत असणार.

मुलं लॅपटॉप आणि बोर्ड घेऊन बागेत गेली. नोड दर दहा मिनिटांनी बिनचूक पाठवत होते, तीन तासांत एकही चुकला नाही. मग गेटवेची अँटेना पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, टॉवरला पाठ करून बसवली आणि फक्त ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासचं आत सोडणारा एक छोटा सॉ फिल्टर मध्ये घातला. पुढच्या आठवड्यात रोजचे संदेश १३० च्या वर गेले. उरलेले दहा-बारा बहुधा केळीच्या पानांत जातात. त्याचं मोजमाप झालेलं नाही.

टाकीनं जास्त काम केलं की फिल्टरनं, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दुपारी केलं. वहीचा नियम आम्हीच मोडला, कारण ऊन होतं आणि गच्चीवर दुसऱ्यांदा चढायला कुणी तयार नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

पिंगला उत्तर आल्यावर मी आधी केबल काढून पुन्हा पिंग करीन. यंत्र नसतानाही तेच उत्तर येत असेल तर ते उत्तर त्या यंत्राचं नाही. याला दहा सेकंद लागतात आणि आमचे दोन दिवस गेले.

एफएमपासून सुरुवात करणार नाही. बोर्ड कुठून कुठपर्यंत ऐकतो ते आधी फळ्यावर लिहीन, आणि पहिली चाचणी आपल्या हातात असलेल्या, आपण बंद-चालू करू शकू अशा लहरीची घेईन. नोड पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच होते. त्यातला एक टेबलावर आणायला आम्हाला पाच दिवस लागले, कारण तो प्रकल्पाचा भाग आहे, चाचणीचं साधन नाही, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. मीही.

आपोआप गेन सुरुवातीला बंदच ठेवीन. नवख्या माणसाला तो सोयीचा वाटतो, पण बिघाड शोधताना तो आपल्या पाठीमागे आकडे बदलत राहतो.

परत करायचं की नाही हा निर्णय मात्र मला अजूनही तितका सोपा वाटत नाही. सातव्या दिवशी वीज गेली नसती, तर मी टॉवरपर्यंत पोचलो असतो का? पोचलो असतो असं म्हणायला आवडेल. बहुधा बोर्ड परत गेला असता, दुसरा आला असता आणि तोही तसाच श्वास घेत बसला असता.

राउटरचा पत्ता नानांनी बदलून घेतला. प्लुटोच्या विजेच्या भोकावर त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे आणि त्यावर बॉलपेननं लिहिलंय : "आठे नही."